डाव्या हाताची गाठ

माझी बायको गाठी मारते. गेली कित्येक वर्षं हेच तिचं काम आहे. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, आणि समोरचा माणूस "असं का" म्हणून दुसऱ्या विषयाकडे वळतो. पुढचं नीट सांगणं मला कधी जमलं नाही. माझी सगळी नोकरी वीजबिलाच्या खिडकीमागे गेली. तिथे बोलायचं काम लोकांचं, माझं शिक्का मारायचं. पण मागे तिच्या कारखान्यातल्या पोरी घरी आल्या होत्या. चहा पिता पिता त्यांच्यातली सगळ्यात बडबडी, जिला सगळे चिमणी म्हणतात, ती म्हणाली, "काका, काकूंचं तुम्ही लिहूनच काढा. आम्ही कुणाला सांगायला लागलो की त्या आम्हाला कामाला लावतात." काकू म्हणजे माझी बायको. तिने लगेच चिमणीला कप विसळायला पाठवलं.

तर, गाठ कसली ते आधी सांगायला हवं.

हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासायच्या असल्या की डॉक्टर जांघेतल्या मोठ्या धमनीला भोक पाडतात आणि त्यातून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत नेतात. तपासणी झाली की नळी काढतात. मागे उरतं ते भोक. धमनीचं भोक म्हणजे बोट कापल्यासारखं नव्हे, ते असंच सोडलं तर माणूस हातचा जायचा. माझ्या थोरल्या भावाची तपासणी झाली तेव्हा त्याला हातानं दाबण्याशिवाय उपाय नव्हता. एक धिप्पाड वॉर्डबॉय भावाच्या जांघेवर दोन्ही तळहात रोवून घाम येईपर्यंत उभा राहिला. मग तिथे वाळूची पिशवी ठेवली, आणि पाय हलवायचा नाही असा हुकूम. भाऊ दुसऱ्या दिवसापर्यंत उताणा. जरा चुळबुळ केली की नर्स म्हणायची, "दादा, पुन्हा दाबायला बोलावू का त्यांना?" की हा गप्प. घरी आल्यावर मला म्हणाला, "हृदयाचं काही वाटलं नाही रे. पण त्या पिशवीनं मेलो."

माझ्या बायकोच्या कारखान्यात जी वस्तू बनते ती ह्याच भोकासाठी. दिसायला जाड पेनासारखी दांडी. नळी काढली की डॉक्टर तिचं टोक त्या भोकात घालतात आणि मागचा दट्टा दाबतात. आतल्या दोन सुया भोकाच्या दोन्ही कडांमधून दोरा ओवून घेतात. दोऱ्याचं एक टोक निळं, एक पांढरं. दोऱ्यावर गाठ आधीपासून तयार असते, पण सैल. निळं टोक ओढलं की ती घसरत घसरत खाली जाते आणि भोकावर बसते. मग पांढरं ओढलं की आवळली जाते ती कायमची. घसरायच्या वेळी अडायचं नाही आणि धरायच्या वेळी सुटायचं नाही, अशी ती गाठ. निदान त्या कारखान्यात तरी ती अजून माणसंच मारतात. माणसं म्हणजे बायकाच.

त्या बसतात त्या जागेला त्या पांढरी खोली म्हणतात. आत जायचं तर दोन दारं. पहिल्या दारात बांगड्या, अंगठ्या, घड्याळ, कुंकू-पावडर सगळं उतरवायचं. दुसऱ्या दारापाशी पायापासून डोक्यापर्यंत पांढरा डगला, टोपी, मास्क, हातमोजे. आत कागदसुद्धा साधा चालत नाही, त्याचे तंतू उडतात म्हणून. सगळ्या सारख्याच दिसतात. उरतात ते डोळे. ही सांगते, तिथे एकमेकींना डोळ्यांवरून आणि चालीवरून ओळखायचं. कुणी हसलं तर डोळे बारीक होतात, कुणी रडलं तर मास्क ओला होतो आणि तो बदलायला बाहेर जावं लागतं, म्हणून आत कुणी रडत नाही. प्रत्येकीच्या टेबलावर गोल भिंगाचा दिवा, दोन चिमटे आणि केसासारखा दोरा. दिवसभर हेच.

ही डावखुरी आहे. लहानपणी हिची आई डाव्या हाताला फडकं बांधून ठेवायची, म्हणायची, "हा हात एक दिवस तुला तोंडावर पाडणार." शाळेत मास्तरांची पट्टी त्याच हातावर. लग्नाच्या आधी ती एका शिंप्याकडे काजे करायची, तोही म्हणायचा, "पोरी, तुझा टाका बघितला की मला चक्कर येते." पण टाका सरळ असायचा, म्हणून ठेवून घेतली. कारखान्यात भरती होती तेव्हाही तिथल्या त्या वेळच्या सुपरवायझरनं तिने डाव्या हातात चिमटा घेतलेला पाहिला आणि सरळ सांगितलं, "बाई, इथे डाव्या हाताला शिकवणारं कुणी नाही."

ही म्हणाली, "शिकवू नका. झालेली एक गाठ तेवढी द्या."

त्यानं नमुन्याची जाड दोरीची गाठ दिली. ती कोपऱ्यात बसून हिने हळूहळू उसवली. उसवताना दोरा कुठून कसा निघतो ते पाहत गेली, आणि मग तेच मागून पुढे, डाव्या हाताला सोयीचं पडेल असं स्वतःचं स्वतः बसवलं. हात कसाही फिरो, शेवटी गाठ नमुन्यासारखी आली पाहिजे, एवढंच तिचं गणित. ती आली. सुपरवायझरनं गाठ उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "उद्यापासून या." तेव्हापासून तिची गाठ चाचणीत अडल्याचं तिला तरी आठवत नाही. मलाही आठवत नाही, कारण अडली असती तर त्या दिवशी घरात जेवण झालं नसतं.

एकदा कारखान्यानं ह्या बायकांना इस्पितळात नेलं होतं, आपली वस्तू कुठे जाते ते पाहायला. काचेपलीकडून त्यांनी सगळं पाहिलं. एक म्हातारे गृहस्थ होते. डॉक्टरांनी दांडी लावली, निळं ओढलं, पांढरं ओढलं, दोरा कापला, पट्टी लावली. दोनेक तासांनी ह्या बाहेर चहा घेत उभ्या होत्या, तर तेच गृहस्थ एका हातानं पायजमा सावरत, दुसऱ्या हातानं नर्सचा हात धरून समोरून चालत आले आणि म्हणाले, "चहा कुठे मिळतो हो इथे?" हिने आपला कप त्यांच्या हातात दिला. नर्स ओरडली, "अहो बाई, ते पेशंट आहेत!" ही म्हणाली, "माहीत आहे. म्हणूनच दिला." त्या दिवशी घरी येऊन तिने मला ती गोष्ट तीनदा सांगितली. एरवी ती कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नाही.

आता मुद्द्याचं. दोन वर्षांपूर्वी कारखान्यानं नव्या पोरींची तुकडी घेतली आणि त्यांना शिकवायचं टेबल हिला दिलं. आताचा सुपरवायझर तरुण आहे, माणूस बरा, फक्त सारखा घाईत असतो. तो म्हणाला, "काकू, तुमच्याइतका हात कुणाचा नाही. तुम्हीच शिकवा." ज्या हाताला पट्ट्या बसल्या त्या हाताकडे बघून आता दुसऱ्यांनी शिकायचं! ती मला काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी डबा घ्यायला विसरली, ह्यावरून मी काय ते ओळखलं.

शिकवायचं टेबल लांबट आहे आणि मधोमध एकच भिंगाचा दिवा. एका बाजूला ही बसायची, समोर एकेक पोर. भिंगाखाली ही गाठ मारायची, समोरची पोर पाहायची आणि मग स्वतः मारायची. आधी जाड दोरीवर, मग खऱ्या दोऱ्यावर. आणि पोरी काय भरभर शिकल्या! आधीच्या तुकड्यांना नाकीनऊ यायचे, ह्या पोरींना काही दिवसांतच जमायला लागलं. चिमणी तर म्हणायची, "काकू, तुमच्याकडे बघितलं की माझा हात आपोआप चालतो." सगळीकडे हिचं नाव झालं. ही घरी येऊन म्हणायची, "पोरी हुशार आहेत हो, माझं काही नाही त्यात." आणि आरशात बघून केस सारखे करायची.

तपासणीला पोरींच्या गाठी चांगल्या दिसायच्या. वेढे बरोबर, घट्टपणा बरोबर. पण दांडीत घालून ओढायची जी शेवटची चाचणी असते, तिथे त्या अडायला लागल्या. सगळ्याच नव्हे, पण पुष्कळ. गाठ अर्ध्या वाटेवर जाऊन थांबायची. चाचणीत अडली की तो सगळा खोका बाहेर काढून नष्ट करतात, त्यातलं काही पुढे जात नाही, आणि ह्या पोरींचे पास झालेले खोकेही अडवून ठेवले होते, त्यामुळे कुणा रुग्णाला धक्का लागला नाही. पण खोक्यांमागून खोके जायला लागले. चाचणीच्या विभागात एक तरुण बाई आहे, इंजिनियर. तिनं आधी दोरा तपासला, मग दांड्या तपासल्या. काही सापडेना. आणि एका संध्याकाळी सुपरवायझरनं हिला बोलावून सांगितलं की ह्या पोरी अजून कच्च्या नोकरीवर आहेत, त्यांचा हात काही बसत नाही, तेव्हा महिना संपला की त्यांना थांबवायचं.

ती घरी आली ती चपला दारात भिरकावूनच.

"काय झालं?" मी विचारलं.

"नारळ देतायत पोरींना. सगळ्यांना. हात बसत नाही म्हणे!"

"मग नसेल बसत."

"तुम्ही गप्प बसा. माझ्या पोरींचा हात मला माहीत आहे. चिमणीच्या घरी कमावणारं दुसरं कुणी नाही, आणि हा म्हणतो हात बसत नाही." मग तिने पिशवीतून शिकवायची निळी-पांढरी दोरी काढली. "अहो, इकडे बसा."

"मी?"

"मग कोण? दुसरं आहे कोण घरात?"

"अगं, माझ्या बुटाची नाडी तू बांधून देतेस."

"म्हणूनच. तुम्हाला आली तर कुणालाही येईल ही गाठ. बसा."

जेवणाच्या टेबलापाशी ती एका बाजूला बसली, मी समोर. तिने हळूहळू गाठ मारून दाखवली. मी पाहून केली. पहिली सुटली, दुसरी वाकडी आली, तिसरी चक्क जमली. मलाच पटेना. आयुष्यात माझा हात कुठल्या कामाला वळला म्हणून नाही, आणि इथे बघता बघता गाठ झाली. तिनं टाळी वाजवली. "बघा! ह्यांना आली! उद्या त्या सुपरवायझरसमोर तुम्हालाच नेऊन बसवते."

असं म्हणत तिनं माझी गाठ उचलली आणि स्वतःच्या गाठीशेजारी ठेवली. माझी गाठ फिरवली, पुन्हा ठेवली. दिवा जवळ ओढला.

"काय झालं? चुकली का?"

"नाही. वेढे तेवढेच आहेत." तिने दोन्ही गाठी दिव्याखाली जोडून धरल्या. "अहो, ह्या चपलांसारख्या झाल्यात."

"म्हणजे?"

"एक डाव्या पायाची, एक उजव्या पायाची."

मला कळायला वेळ लागला. मी उजव्या हाताचा. समोर बसलो की तिच्या डाव्या हातासमोर माझा उजवा हात येतो. ती डाव्यानं जे करते ते मी उजव्यानं करत गेलो, अगदी सोपं, आरशात बघून भांग पाडल्यासारखं. म्हणून तर पटकन आली. पण आरशातलं ते उलटं. तिचा वेढा ज्या अंगानं फिरतो, माझा त्याच्या विरुद्ध. पोरीही सगळ्या उजव्या हाताच्या. सगळ्या समोर बसून शिकलेल्या. आणि भराभर शिकल्या म्हणून ज्याचं कौतुक झालं, तीच चूक होती.

"उलटी असली म्हणून काय झालं?" मी म्हणालो. "गाठ ती गाठ."

"ते मला सांगता येणार नाही. पण अडतायत त्या ह्याच, एवढं नक्की." तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "पोरींचं काही चुकलेलं नाही. मीच उलटं शिकवलं."

मी भित्रा माणूस. माझ्या तोंडून निघालं, "सांगितलंस तर शिकवायचं टेबल जाईल."

"आणि नाही सांगितलं तर पोरी जातील." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मग डावा हात वर धरून त्याच्याकडे पाहिलं. "आई म्हणायची ते खरं झालं शेवटी. तोंडावर पाडलंच ह्यानं."

मी चहा ठेवायला उठलो, तर म्हणाली, "कुठे निघालात? बसा. अजून शिकायचंय तुम्हाला."

"आणखी काय?"

"सरळ गाठ. उजव्या हातानं. ती मला येत नाही, पण ती कशी येते ते मला कळायला हवं. उद्या नुसतं चुकलं म्हणून काय उपयोग? पुढे काय ते सांगायला नको?"

ती माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली. समोर तिची गाठ नमुन्याला ठेवली आणि मला सांगायला लागली. मध्येच अधीर होऊन दोरी हातात घ्यायची, की लगेच तिचा डावा हात चालायचा आणि माझा सगळा घोटाळा. शेवटी तिनं वैतागून स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि नुसतं तोंडानं सांगायचं ठरवलं.

"निळं घ्या. खाली धरा. अंगठा! अंगठा कुठे चाललाय?"

"इथेच आहे."

"तिथे कशाला? तो काय फिरायला आलाय? पांढऱ्यावर ठेवा. आता निळं स्वतःकडे आणा. स्वतःकडे म्हणजे पोटाकडे हो, खांद्याकडे नव्हे!"

एवढा ओरडा मी खिडकीमागे कधी खाल्ला नव्हता. पण एकेक शब्द ती बदलत गेली. 'उजवीकडे' म्हटलं की मी चुकायचो, म्हणून 'पोटाकडे' आलं. 'वरून' म्हटलं की गोंधळ व्हायचा, म्हणून 'पांढऱ्याच्या डोक्यावरून' आलं. बऱ्याच वेळानं माझ्या हातून एक गाठ आली. तिनं ती स्वतःच्या गाठीशेजारी ठेवली. दोन्ही एकाच पायाच्या होत्या. तिनं माझ्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

सकाळी मी तिच्याबरोबर कारखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. बँकेत काम आहे असं सांगून. बँक उलट्या दिशेला आहे हे तिला माहीत होतं. आत काय झालं ते मला नंतर चिमणीनं सांगितलं. ह्या पोरी काचेपलीकडून बघत होत्या.

पांढऱ्या खोलीबाहेर एक छोटी खोली आहे. तिथे सुपरवायझर होता आणि चाचणीच्या इंजिनियर बाई होत्या. हिने दोन गाठी टेबलावर ठेवल्या.

"काकू, हे काय?"

"ही माझी. ही पोरींची." मी मारलेली उलटी गाठच तिने पोरींची म्हणून ठेवली होती, ह्याचा मला थोडा अभिमान वाटतो. "पोरींचा हात उत्तम आहे. मी दाखवलं ते त्यांनी हुबेहूब केलं. दाखवणारा हात डावा होता."

सुपरवायझरला काही उमगलं नाही. इंजिनियर बाईंना मात्र उमगलं. त्या दोन्ही गाठींवर वाकल्या, मग धावत जाऊन नापास झालेल्या, पण अजून नष्ट व्हायच्या राहिलेल्या दांड्यांचा खोका घेऊन आल्या आणि भिंगाखाली एकेक गाठ बघायला लागल्या. "उलटी. हीपण उलटी. ही सरळ... नाही हो, उलटीच." मग मागे रेलून हसायलाच लागल्या. "आणि मी बिचाऱ्या दोऱ्यावाल्याला दोनदा झाडलं!" त्यांनीच मग सांगितलं की दांडीच्या तोंडाशी एक खोबण आहे, दोरा तिच्यातून जरा वळत बाहेर येतो. गाठीचा वेढा त्याच अंगाचा असला तर ती सुळकन जाते, उलटा असला तर खोबणीच्या काठाला घासत जाते. कधी निभावते, कधी अडते. हे आमच्या हिलाही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "असं आहे होय."

सुपरवायझर कपाळाला हात लावून बसला. "काकू, हे मला वर कळवावं लागेल. टेबल तुमच्याकडे ठेवता येणार नाही."

"नका ठेवू. पोरींचं सांगा."

"महिनाअखेर पुन्हा चाचणी घेतो. गाठी सरळ आल्या तर राहतील. तोवर वहिनी शिकवतील."

वहिनी म्हणजे शेजारच्या टेबलावरची जुनी बाई, उजव्या हाताची, सगळा कारखाना तिला वहिनी म्हणतो. हात अगदी सुरेख. पण शिकवणं म्हणजे काय, तर "हे बघा, असं, मग असं, आणि असं." झालं. त्यात पोरींच्या बोटांना उलटी गाठ पक्की बसलेली. वहिनींसमोर सरळ यायची, स्वतःच्या टेबलावर गेलं की परत उलटी. चिमणी म्हणाली, "काका, हाताला इतकी सवय झाली होती की विसरायचं कसं तेच कळेना." दिवस चालले होते. शेवटी ही सुपरवायझरकडे गेली आणि म्हणाली, "मला टेबल नको, खुर्ची नको. वहिनी शिकवतात तेव्हा नुसती मागे उभी राहू दे."

"हात लावायचा नाही हं, काकू."

"हात मी मागेच बांधणार आहे."

आणि ती तशीच उभी राहिली, हात पाठीमागे. पोरींना म्हणाली, "जाड दोरी घ्या आणि डोळे मिटा. तुम्ही बघता फार, तेच नडलंय." आणि घरी जेवणाच्या टेबलाशी माझ्यावर घासून घासून तयार केलेले ते शब्द तिनं एकेक करून सोडले. निळं खाली. अंगठा पांढऱ्यावर. निळं पोटाकडे. पांढऱ्याच्या डोक्यावरून. पोरींनी आंधळेपणानं ती गाठ बसवली. डोळे मिटल्यावर समोर कुणाचाच हात दिसत नव्हता, की जुनी सवयही मध्ये येत नव्हती. मग डोळे उघडून. मग भिंगाखाली, खऱ्या दोऱ्यावर. चिमणी म्हणते, अजूनही गाठ मारताना तिला मास्कमधून काकूंचा आवाज ऐकू येतो, आणि अंगठा जरा हलला की शिवीही.

चाचणीच्या दिवशी ही तिकडे फिरकली नाही. आपल्या टेबलावर मान खाली घालून काम करत बसली. पोरी काचेला नाक लावून उभ्या. यंत्र एकेक दांडी धरायचं, दोरा ओढायचं, गाठ खाली जाऊन बसायची. एकामागून एक बसत गेल्या. आणि मग चिमणीची एक गाठ मध्येच थांबली. सुपरवायझरनं इंजिनियर बाईंकडे पाहिलं. त्यांनी ती दांडी काढून भिंगाखाली धरली, सावकाश फिरवली. "सरळ आहे," त्या म्हणाल्या. "चिमटा जोरात लागून दोरा सोललाय. एवढी एखादी कुणाचीही जाते. पुढची लावा." पुढच्या सगळ्या बसल्या. पोरींना आत ओरडता येत नाही, म्हणून त्या बाहेर पळाल्या आणि बाहेर ओरडल्या.

सुपरवायझर हिच्या टेबलाशी आला. "काकू, सगळ्या राहिल्या."

हिने मान वर केली नाही. हातातली गाठ अर्धी होती, ती पुरी केली, मग म्हणाली, "बरं झालं."

"आणि वहिनी म्हणतात, पुढच्या तुकडीला काकूंचं तोंड मिळणार नसेल तर मला हे टेबल नको."

त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं मला एवढंच सांगितलं, "ठरलं. हात वहिनींचे, तोंड माझं."

"तोंडाचं मला आधीपासून माहीत होतं," मी म्हणालो.

तिनं हातातली दोरी माझ्यावर फेकली. मग हसत सुटली ती थांबेचना, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. इथे मास्क नव्हता, त्यामुळे बाहेर जायची गरज पडली नाही.

त्यानंतर दोन तुकड्या अशाच तयार झाल्या. आता त्या कारखान्यात कुणी समोर बसून शिकवत नाही. पोरी आधी डोळे मिटून, ऐकून शिकतात. वहिनी रजेवर असल्या की चिमणी टेबलावर बसते, आणि बोलायला मागे ही उभी असतेच. सुपरवायझरनं वर कळवलं होतं, त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. पण ह्या वर्षीच्या भरतीत एक डावखुरी पोर आली. पूर्वी आली असती तर तिला दारातूनच परत पाठवलं असतं. सुपरवायझरनं तिला सरळ हिच्याकडे आणून सोडलं. "काकू, ही तुमची."

हिने तिला शेजारी बसवलं, खांद्याला खांदा लावून. त्या दिवशी ही घरी आली आणि शिकवायच्या दिवसांत पहिल्यांदाच कारखान्यातून आल्यावर, ओरडून ओरडून तिचा आवाज बसलेला नव्हता.

"काय म्हणते नवी पोर?" मी विचारलं.

"चांगली आहे. तिला काही सांगावं लागत नाही. मी नुसता हात दाखवते."

"आणि ती?"

"ती म्हणते, काकू, जरा हळू."